न्यायला कोण आलंय?

किस्से बडबड्या माणसाकडे टिकत नाहीत. तो सांगून टाकतो आणि मोकळा होतो. साठतात ते गप्प बसणाऱ्यांकडे. मी लग्न होऊन तिसगावला आले तेव्हा घरातली बोलायची कामं आधीच वाटली गेली होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माणसांशी बोलायच्या. मामंजी बैलांशी बोलायचे. आणि आमचे हे साखर कारखान्यात टाइमकीपर, त्यामुळे उसाचा सीझन चालू असला की मुक्काम तिकडेच. माझ्या वाट्याला नुसतं ऐकायचं काम आलं, आणि ऐकणाऱ्याची कणगी लवकर भरते!

त्यातले लेनाचे तेवढे इथे सांगते. लेना डेन्मार्कची. पाठीवर सॅक टाकून, कमीत कमी पैशात सगळा हिंदुस्थान बघायला निघालेली. तिच्या प्रवासाचे अगदी सुरुवातीचे दिवस आमच्या घरी गेले. आमच्या घरी बघण्यासारखं काही नाही, पण तिचा इलाज नव्हता.

त्याच दिवसांत नगरला माझ्या वडलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, मोतीबिंदूचं. मला आई नाही, भाऊ नाही. शेजारणी वडलांना डबा देत होत्या. मला जायचं होतं, पण नव्या सुनेला माहेराहून कुणीतरी न्यायला यावं लागतं. त्याला मुराळी म्हणायचं. मुराळी आल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. चुलतभाऊ बबनदादा "येत्या रविवारी येतो" असा निरोप धाडायचा, पण येता रविवार काही येत नव्हता. मामंजींनीच नेऊन पोचवावं असं एकदा मी हळूच सुचवलं. ते दचकलेच. "सासऱ्यानं सून माहेरी नेऊन सोडली, तर लोक म्हनतील, टाकली!"

तिसगावहून नगर एस.टी.नं दीड-दोन तास. लेना डेन्मार्कहून येऊन पोचली, मला नगर काही गाठता येत नव्हतं.

०

शेवगावकडून येणारी एस.टी. आमच्या घरासमोर मध्येच थांबली. दारातून एक गोरी मुलगी उतरली, तिने डावीउजवीकडे पाहिलं आणि पोट धरून थेट आमच्या तुरीत घुसली!

गाडीतली सगळी माणसं एका बाजूच्या खिडक्यांना आली. गाडी कलंडते की काय असं वाटलं. आत्याबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप ठेवलं, तांब्या भरून घेतला आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"पोरीच्या पोटात कळ आलीया, आन् तुमी बघताय काय? कनात लागलीया का हितं तमाशाची?"

खिडक्या मोकळ्या झाल्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून पाहिला, थोडं थांबून पाहिलं. शेवटी कंडक्टरने टपावरची सॅक उतरवून रस्त्यावर ठेवली आणि गाडी गेली. लेना तुरीतून बाहेर आली तेव्हा रस्त्यावर एक सॅक आणि एक तांब्यावाली बाई, एवढंच होतं. ती उभ्या जागी रडायला लागली.

आत्याबाई म्हणाल्या, "रडाया काय झालं? गाडी उद्या बी हाय."

तिला ते कळलं नाही, पण ती रडायची थांबली. मला कळलं होतं, तरी मला रडू आलं.

०

"आपली सून मॅट्रिक हाय," आत्याबाईंनी जमलेल्या बायकांना सांगितलं. "बोल गं विंग्रजी!"

लग्नापासून त्या घरात मी सलग चार वाक्यं मराठीत बोलले नव्हते. आता एकदम इंग्रजी! शाळेत आम्ही इंग्रजी लिहायचो, बोलायला कुणी सांगितलंच नव्हतं.

आत्याबाईंनी प्रश्न सांगितला: ती कुठली, कुणाची, आईबाप हायेत का, असले तर त्यांनी एवढ्या तरण्या पोरीला एकटी कशी सोडली, आणि अंगावर एवढासाही दागिना कसा नाही? मी त्याचं इंग्रजी केलं, "तुला बरं वाटतंय का?"

लेना बरंच बोलली. हातवारे केले, मध्ये डोळे पुसले, औरंगाबादच्या हॉटेलातल्या कुठल्याशा रश्शाबद्दल काहीतरी सांगितलं. मी म्हटलं, "बरी आहे म्हणते."

आत्याबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "एवढं बोलली, आन् नुसती बरी हाय? लई नासाडी हाय गं विंग्रजीत!"

०

रात्री तिला तापही भरला. तो उतरेपर्यंत तिला आमच्याकडेच ठेवायचं ठरलं. ठरवलं आत्याबाईंनी, कळवलं मी.

दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका तिची सॅक बघायला आल्या. झोपायची पिशवी बघून झाली. एका माणसाला शिवलेली गोधडी म्हणून तिचं कौतुक झालं. मग निघाली पांढऱ्या कागदाची गुंडाळी. शेजारच्या भागाकाकूंनी ती उलगडायला घेतली, तर संपेचना.

"येवढा कागुद कशाला गं लागतो हिला?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मला ठाऊक होतं. पण चारचौघींत ते कसं सांगायचं? मी म्हटलं, "लिहायला."

"आगं बाई, लई शिकलेली दिसतीया!" म्हणून भागाकाकूंनी गुंडाळी कपाळाला लावली आणि होती तशी ठेवली.

०

लेनाने मला नाव विचारलं. मी म्हटलं, "सुमन."

ते माझं माहेरचं नाव. लग्नात ते बदलून वैजयंता केलं होतं. वैजयंता म्हणून हाक आली की मी पण क्षणभर बघायची, कुणाला बोलावताहेत. लेनाला मी सुमन का सांगितलं, कुणास ठाऊक. तोंडातून निघून गेलं.

सकाळी मी विहिरीवर होते. लेना अंगणात येऊन हाका मारायला लागली, "सुमन! सुमन!" पुन्हा पुन्हा, मोठ्यानं. आमच्या घरात सुमन नावाचं कुणीच नव्हतं! मामंजींनी बैल सोडता सोडता कान दिला.

"कुनाला बोलावतीया ही?"

"आसंल तिकडची भैन-बिन," आत्याबाई म्हणाल्या. "ताप डोक्यात गेलाय पोरीच्या."

मी घागर घेऊन येते तो त्यांनी लेनाला धरून आडवी केली होती आणि कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवली होती. ताप मुळीच नव्हता. लेना घडीखालून माझ्याकडे बघत होती. मी तिला काही समजावून सांगितलं नाही, आणि त्यांनाही नाही. घडी वाळली तशी बदलली.

०

तिच्याकडे बारीक पांढऱ्या गोळ्या होत्या. त्यातली एक तांब्यात टाकायची, थोडा वेळ थांबायचं, मग ते पाणी प्यायचं. आत्याबाईंना ते फार लागलं.

"आमच्या हिरीचं पानी गोड हाय म्हनून तालुक्यात सांगत्यात! आन् ही त्यात औषद टाकती?"

मामंजींनी न्याय करायचं ठरवलं. गोळीच्या पाण्याचा एक घोट घेतला, गुळणी केली आणि दारातल्या शेवग्यावर टाकली. "थुत्! नगरच्या नळाला आसतंय तसलं!"

मग मला प्यायला दिलं, कारण मी नगरची.

खरंच तसंच होतं. आमच्या वाड्यातल्या सामाईक नळाला सकाळी पहिल्यांदा येतं ना, अगदी तसं. वडील हंडा घासायला मला उठवायचे आणि मग तेच पाणी त्यात भरायचे. आता डोळ्यावर पट्टी होती तर भरत कोण होतं?

मी दुसरा पेला मागितला.

"आता काय म्हनावं!" आत्याबाई म्हणाल्या.

०

नवऱ्याचा विषय निघणारच होता. लेना मुळात एकटी निघाली नव्हती. पीटर नावाचा एक मित्र बरोबर होता. औरंगाबादला दोघांचं भांडण झालं आणि तो गोव्याला निघून गेला. लग्न वगैरे काही नाही. आता हे आत्याबाईंना कोणत्या तोंडानं सांगणार?

"मालक कुठं हायेत म्हनावं तुजं?"

मी म्हटलं, "कामावर आहेत. लांब."

आत्याबाईंनी समजुतीनं मान हलवली. "सीझन चालू आसंल."

मला हसू फुटलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरात मी आवाज करून हसले, आणि ते सगळ्यांना नवीन असल्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. लेनाने विचारलं, काय झालं? मी तिला सीझन म्हणजे काय ते सांगितलं. ती हसली नाही.

"म्हणजे ऊस संपेपर्यंत तो येत नाही?"

"एखाद्या दिवशी येतात."

"मग तोवर तू बोलतेस कुणाशी?"

मी गोठ्याकडे बोट दाखवलं. ती उठून खरंच बघायला गेली!

०

पेज, ताक आणि डाळिंबाची साल यांनी लेनाचं पोट ठिकाणावर आलं. तिला नगरवरून पुणं गाठायचं होतं. सॅक भरून ती उंबऱ्याशी आली, तर आत्याबाई आडव्या.

"न्यायला कोन आलंय?"

मी सांगितलं, हिला न्यायला कुणी येत नसतं, ही आपली आपण जाते.

"आली तवा रानात बसली हुती, म्हनून कोन संगं हाय ते इच्यारलं न्हाई. आता आपल्या घरातनं जायची. मुराळी आल्याबिगर कशी धाडू?"

लेनाला वाटलं, इथे पोलिसांची परवानगी लागते. तिने पासपोर्ट काढून दाखवला. आत्याबाईंनी तो उघडून फोटो बघितला, "बारीक झालीस गं आता," म्हणाल्या आणि परत दिला.

दुपारी सगळे शेतावर गेलेले बघून लेना गुपचूप स्टँडवर गेली. कंडक्टर तिला ओळखून होता, आणि मामंजींनाही; त्यांना बाहेर सगळे तात्या म्हणायचे. "तात्यांची पाव्हनी ना तुमी? घरचं कुनी न्हाई आलं सोडाया?" तिला ते कळलं नाही. तेवढ्यात चहावाल्याने तिची सॅक खांद्यावर टाकली आणि आमच्या घराकडे चालायला लागला. तिला वाटलं चोर! ती ओरडत मागे, तो भराभर पुढे, आणि दोघंही येऊन थांबले आमच्या ओट्यावर.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी सॅक पिठाच्या गिरणीवाल्याने आणली!

मग ती माझ्याजवळ चुलीपाशी येऊन बसली. मी तिला मुराळ्याची रीत पहिल्यापासून समजावली.

"आणि कुणीच आलं नाही तर?"

"तर वाट बघायची."

"तू किती दिवस बघते आहेस?"

मला इंग्रजी आकडे चांगले येतात, पण मी भाकरी उलटली.

०

आता शेवटचा.

नगरहून आलेल्या भाजीच्या ट्रकवाल्याबरोबर निरोप आला. वडलांच्या डोळ्याची पट्टी बुधवारी निघणार. बबनदादाला काही जमत नाही. पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा कुणाचं तोंड बघायचं म्हणून डॉक्टरांनी थट्टेनं विचारलं, तर वडील म्हणाले, "बघू, कोण असेल ते."

निरोप ओट्यावर सगळ्यांदेखत सांगितला गेला. मी गोठ्यात जाऊन शेण भरायला लागले. सकाळीच भरलं होतं, तरी भरलं. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काही न बोलता गेल्या. बोलल्या नाहीत, तेव्हा मला भीतीच वाटली.

बुधवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "ते हिरवं लुगडं नेस. आन् तिला येक इच्यार. नगरचा रस्ता तिला ठावा हाय का?"

मी विचारलं. लेना म्हणाली, "नाही गं, मुळीच नाही. मला आपण आत्ता कुठे आहोत तेही माहीत नाही."

मी म्हटलं, "हो म्हणते."

"झालं तर मग," आत्याबाई म्हणाल्या.

आम्ही सगळे रस्त्यावर आलो. आत्याबाईंनी लेनाला पूर्वेकडे तोंड करून उभी केली, कुंकू लावलं, हातात नारळ दिला, खांद्यावर कोरा टॉवेल टाकला आणि डोक्यावर पांढरी कडक टोपी ठेवली. मामंजींच्या पेटीतली, आहेरासाठी जपून ठेवलेली.

भागाकाकू ओरडल्याच. "आगं ये, मुराळ्याची टोपी बाईमानसाच्या डोक्यावं?"

"जे न्यायला आलं, त्याला टोपी द्यायची. बाई का बाप्या, कुनी इच्यारलंय?"

मामंजींनी खाली बघून मिशीवरून हात फिरवला. एस.टी. आली. मी वाकून नमस्कार केला. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, डोक्यावरचा पदर सारखा करत राहिल्या. आम्ही आत जाऊन बसलो. लेना खिडकीशी, टोपी घालून, ताठ. कंडक्टरने एकदा टोपीकडे बघितलं, एकदा बाहेर आत्याबाईंकडे बघितलं आणि मुकाट्याने घंटी मारली.

तशा आत्याबाई खिडकीजवळ आल्या. गज धरून गाडीबरोबर चार पावलं चालल्या आणि लेनाला म्हणाल्या, "पाव्हनं, आठ दिसांत मागारी आनून घाला बरं का! ही न्हाई तर मला घरात बोलाया कोन हाय?"