सॅक्सोफोन द्यायला निघालो होतो

रविवारी दुपारी दिघीच्या जेट्टीवरून आम्ही तिघे फेरीबोटीत चढलो... सलीमभाई, त्यांची नात सना आणि मी. सलीमभाईंचा सॅक्सोफोन पलीकडे आगरदांड्याला एका बँडवाल्याच्या स्वाधीन करायचा होता.

सलीमभाई माझे बोर्लीचे शेजारी. तरुणपणी आखातातल्या हॉटेलांत त्यांनी जाझ वाजवले. वर्षापूर्वी कवळी बसली आणि फुंक धरेनाशी झाली. "माझं मन फिरंल, बाई. सोबत चला," एवढेच ते मला म्हणाले होते.

बोट सुटली. बाकावर बसताच सनाने मोबाइलवर एक ध्वनिमुद्रण लावले. सलीमभाईंच्या आवडत्या जाझ धुनेची, गुंगी आणणारे सायकेडेलिक फंक वाजवणाऱ्या कुणा अपरिचित बँडने केलेली नवी मांडणी. "नाना, एकदा ऐका तरी."

आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवल्यामुळे माझी अट सरळ असते... मूळची लय आणि वाद्ये बदलली, तर ती धून तीच आहे हे आधी सिद्ध करावे लागते. येथे लय निम्म्यावर आणली होती, चाल बेस गिटारकडे गेली होती आणि ऑर्गनचा स्वर पाण्याखालून आल्यासारखा थरथरत होता.

मी हरकत घेणारच होते. पण खाडीवरचे धूसर ऊन, इंजिनाची संथ धडधड आणि तो ठेका एकमेकांत असे विरघळले की, बोट पुढे जाते आहे की किनारा मागे सरकतो आहे, हे ठरवण्याची गरजच वाटेना...

मध्येच बाकीची सगळी वाद्ये थांबली. नुसते बेस आणि ड्रम फिरत राहिले. मूळ धुनेत येथे सॅक्सोफोन येतो. यांनी कुणालाच आणले नव्हते.

"बाई, माझी जागा ठेवलीय यांनी," सलीमभाई हळूच म्हणाले.

त्यांनी सॅक्सोफोन बाहेर काढला. पहिल्या फुंकीत नुसती हवा आली.

"नाना, कवळी खाडीत जाईल."

"जाऊ दे. ती माझं ऐकते कुठं?"

दुसऱ्या फुंकीत एक स्वर लागला... अशक्त, किंचित उतरलेला, पण लांब. बोटीवरची माणसे वळून पाहू लागली. सलीमभाई डोळे मिटून होते.

आगरदांड्याला गाड्या उतरल्या. आम्ही उतरलो नाही. सलीमभाईंनी बँडवाल्याला फोन लावला. "आज नाय येत," आणि मग, "उद्या पण नाय."

ती धून तीच होती का, या प्रश्नावरचा माझा आक्षेप अजून कायम आहे. मात्र ज्या अनोळखी वादकांनी ती अपुरी सोडली, त्यांची मी ऋणी आहे. त्यांनी ती पूर्ण केली असती, तर आम्ही रिकाम्या हातांनी परतलो असतो.