उंबऱ्यावरची राख

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात पाटाच्या दोन्ही कडांना एक नवंच गवत माजलं होतं. पानं गाजरासारखी, वर बारीक पांढरी फुलं. कुणी त्याला गाजरगवत म्हणे, कुणी चटकचांदणी. जनावरं त्याला तोंड लावत नव्हती. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि मला ती फुलं फार आवडायची.

त्याच वर्षी थोरला भाऊ लग्न करून पलटणीत परत गेला आणि वहिनी आमच्यात राहिली. ती जतकडची, कोरड्या मुलखातली, धडधाकट पोरगी. पण गणपती गेले, उघडीप पडली आणि तिला शिंका सुरू झाल्या. मग धाप. उन्हं चढून वारा सुटला की तिच्या छातीतून शीळ निघायची. बारीक, लांबलचक, आत दुसरंच कुणीतरी बसून घालतंय अशी. मला ती चुलीपाशीसुद्धा ऐकू यायची आणि अंगावर काटा यायचा. माहेरी पाठवली की चार दिवसांत बरी. परत आली की पुन्हा शीळ. शेजारणी आईच्या कानाशी लागल्या, "आवं, हिला बाधा हाय."

आईनं तिला साताऱ्याला नेलं, सोबत मी. डॉक्टरांनी छाती तपासली. म्हणाले, "हे बाहेरचं आहे. वाऱ्यावरून येतं. नवरात्र होईपर्यंत दारं-खिडक्या लावून घ्या, हिला घरातच ठेवा." ते वाऱ्यावरच्या धुळीबद्दल, फुलोऱ्याबद्दल बोलत होते. पण आईनं पहिलं वाक्य ऐकलं आणि पुढे तिचे कान मिटले. आमच्याकडे 'बाहेरचं' म्हणजे एकच, भूत. आता तर शिकलासवरला माणूसही तेच म्हणत होता! येताना एसटीत आई वहिनीपासून हातभर लांब बसली.

दुसऱ्या दिवशी घराची तयारी सुरू झाली. वहिनीच्या खोलीच्या खिडकीला ओलं पोतं, कौलांखालच्या फटींत चिंध्या, जमीन शेणानं सारवलेली. इथवर डॉक्टरांचंच ऐकलं म्हणायचं. पुढचं डोकं आईचं. "ज्याला जनावर तोंड लावत न्हाई, त्याला भूतबी भितं," म्हणाली आणि मला पाटावर पिटाळलं. मी चटकचांदणीचे भारेच्या भारे आणले. आईनं जुड्या बांधून खिडकीत, आढ्याला, वहिनीच्या उशाशी टांगल्या. बांधताना फुलांचा भुगा उडत होता. माझे हात कोपरापर्यंत खाजायला लागले, तर आई म्हणते, "गुण येतोय!" रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो आमच्या घरात माझ्याच हातांनी आला. मग खोलीला बाहेरून कडी लागली आणि आईनं उंबऱ्यालगत चुलीतल्या राखेची रेघ ओढली.

दोन दिवस दार फक्त ताट सरकवण्यापुरतं उघडलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी शीळ थांबली. आईनं हात जोडले. "गेलं," म्हणाली. मला मात्र त्या शिळेपेक्षा ही शांतता जास्त भेडसावत होती. बंद घरात दिवसाढवळ्या अंधार होता आणि आम्ही दोघी त्या दारासमोर बसलो होतो.

तेवढ्यात राख हलली. घरात वाऱ्याची झुळूकही नव्हती. तरी रेघेचा मधला भाग जरासा आमच्याकडे सरकला, थांबला, आत ओढला गेला. पुन्हा बाहेर. पुन्हा आत.

"वलांडाया बघतंय," आई पुटपुटली. "उटू नगंस." तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

मी डोळे फाडून बघत होते. बघता बघता माझाच श्वास त्या राखेबरोबर चालायला लागला. आणि मला कळलं. मी आईच्या हाताला हिसडा दिला आणि कडी काढली.

वहिनी पालथी पडली होती, नाक दाराखालच्या फटीला लावून. ओठ निळे झाले होते. आईनं तिला पाहिलं आणि हंबरडा फोडला. शेजाऱ्यांनी जीप आणली, तिला साताऱ्याला नेलं, तिथं सुया टोचल्या आणि ती वाचली. डॉक्टरांनी तिच्या केसांत अडकलेलं एक फूल चिमटीत धरून विचारलं, "हे हिच्या डोक्यात कुठून आलं?" आईनं मान वळवली. मी खाजून लाल झालेले हात पाठीमागे लपवले. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढं पुष्कळ वर्षांनी, आई गेल्यावर, मी वहिनीला विचारलं की जीव चालला होता, तरी एकदाही दारावर थाप का नाही मारलीस?

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मलाबी वाटलं, माज्यात हाय कायतरी. थाप मारली असती तर तुमी दार उघडलं असतं, वन्सं. आन् मग त्यानं तुमास्नी धरलं असतं."