हळदी कोपऱ्याचा स्वेटर

तेजश्री गेली तेव्हा तिची आई छाया रडली नाही. मोहोपाड्याच्या कॉलनीत त्याची कुजबुज झाली. भर पावसाळ्यात पोरीला ताप आला, पनवेलला नेली, आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. तेराव्याला पंगत बसली असताना छाया भाजीत मीठ बरोबर पडलंय का, ते विचारत होती. खालापूरहून आलेली तिची जाऊ हर्षला तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. "रड गं एकदा. आत कोंडून ठेवू नको," म्हणाली. छायाने मान हलवली. आत कोंडलेलं असं काही तिला सापडतच नव्हतं.

तेजश्री चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिचं एक मोठं चित्र हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. त्यात ना झाड, ना माणूस. राखाडीचे वेडेवाकडे तुकडे, खालच्या कोपऱ्यात हळदी पिवळा डाग आणि मधून तिरकी काळी रेघ. नवरा साईनाथ कंपनीत गेला की छाया त्या चित्रासमोर बसून राही. दुपार कधी सरली ते कळत नसे.

दसऱ्यानंतर ती कर्जतच्या बाजारात गेली आणि लोकर घेऊन आली. राखाडीच्या तीन छटा, हळदी, काळी. आजवर तिने साधे, एकरंगी स्वेटर विणले होते. या चित्राला नक्षी अशी नव्हतीच. ओळीमागून ओळ चित्राकडे बघायचं आणि टाके घालायचे. रंग बदलताना दोन धागे एकमेकांत अडकवले नाहीत तर तिथे भोक राहतं. पहिल्यांदा तसंच झालं. तिने सगळं उसवलं आणि पुन्हा सुरुवात केली.

दिवाळीत हर्षला येऊन गेली. विणकाम हातात घेऊन तिने हळूच विचारलं, "तिच्या मापाचा हाय काय गं?"

"बघितलं नाय," छाया म्हणाली.

ती गेल्यावर छायाने पाठीचा भाग खाटेवर पसरला. तो चांगलाच रुंद होता. हातांनी सवयीने साईनाथचं माप धरलं होतं. तिने ते तसंच पुढे नेलं.

थंडी पडली तेव्हा पहिल्या पाळीला निघालेल्या साईनाथच्या हातात तिने स्वेटर दिला. तो उलटसुलट करून बराच वेळ बघत राहिला. मग अंगात घातला. काळी रेघ त्याच्या पोटावरून तिरकी गेली.

"बाही लांब झाली जरा," तो म्हणाला.

"दुमड."

बाही दुमडून तो निघून गेला.

दुपारी पाळी सुटून आल्यावर तो स्वेटर न काढताच खुर्चीत बसला. ही कसली डिझाईन, म्हणून कँटीनमध्ये लोक विचारत होते, असं त्याने सांगितलं. आमच्या तेजूचं चित्र हाय, असं तो सगळ्यांना म्हणाला होता. मग म्हणाला, "इतके दिवस माझ्यासमोर तिचं नाव कोण काढत नव्हतं. आज काढलं."

छायाने ऐकून घेतलं. काही वाटेल म्हणून ती क्षणभर थांबली. मग तिने चहा टाकला, स्वेटर त्याच्याकडून मागून घेतला, आणि त्याचा चहा पिऊन होतोय तोवर लांब झालेल्या बाहीचं टोक उसवायला घेतलं.