उतारमामांची नवी बॅटरी

कुणाबद्दल लिहावं इतका माझा अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चार ओळींचं पत्रही लिहिलेलं नाही, आणि मलाही परीक्षेच्या उत्तरांपलीकडे लिहिण्याची सवय नाही. तरी मामांबद्दल लिहायला बसलो आहे, कारण त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायची राहून गेली. कुठं चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

माझे मामा सपाट जागेवर गाडी उभी करत नसत. वालूरला त्यांची एक मालमोटार होती, लष्कराच्या लिलावात घेतलेली, विलायती. तिच्यातून ते सेलूच्या जिनिंगला कापूस न्यायचे. तिची बॅटरी इतकी थकली होती की सेल्फचं बटण दाबलं तर नुसतं 'टक्' व्हायचं. अशा वेळी बाकीचे ड्रायव्हर पुढून हँडल मारून इंजिन चालू करतात. पण मामा क्लीनर असताना हँडल उलटं फिरून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं आणि ते वाकडंच जुळलं. स्वतःला हँडल मारता येत नाही, आणि दुसऱ्याला मार म्हणायचं नाही. मग उरला उतार. गाडी उतारावर लावायची, निघताना चाकाखालचा दगड काढायचा आणि गाडी घरंगळू लागली की गिअर टाकायचा. गाव त्यांना उतारमामाच म्हणे.

आमच्या काळ्या, सपाट मुलखात उतार सापडतो कुठं? म्हणून घरापुढं मुरूम टाकून मामांनी स्वतःच एक उतार केला होता. आल्यागेल्याला तिथं ठेच लागे. मामी वैतागून म्हणायच्या, "अवो, ही गाडी हाय का पाणी? उताराबिगर हालतच न्हाई!"

मामा शांतपणे म्हणत, "पाणी बी कुनाला ढकला म्हणत न्हाई."

या सवयीचा मला फार राग यायचा. पाथरीला एका लग्नाला गेलो, तर गाडी ओढ्याच्या काठावर आणि आम्ही धुतलेल्या कपड्यांनिशी मैलभर धुळीतून चालत. मांडवात दहा तरणे गडी बसलेले होते. एकाला हाक मारली असती तर दोन मिनिटांत हँडल मारून दिलं असतं. मी तसं म्हणालोही. मामा म्हणाले, "भाचेराव, पाय कशाला दिलेत देवानं?" 

दुसरा राग त्यांच्या संथपणाचा. एकदा चाकाचा एक नट बसेना. मामांनी तो काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. अर्धा दिवस गेला. मी म्हणालो, "मामा, हातोड्यानं ठोका ना." ते म्हणाले, "लोखंडाला जोर लावायचा न्हाई. बसना गेलं तर आपलं चुकायलंय, त्याचं न्हाई." शेवटी तो नट दुसऱ्या बाजूच्या चाकाचा, उलट्या आट्यांचा निघाला. तरीही चिडलेला मीच होतो.

आमचं घर ताडकळसच्या अलीकडं, अगदी ताटासारख्या सपाट जागेवर. त्यामुळे इतक्या वर्षांत मामांची गाडी बहिणीच्या दारात कधी आलीच नाही. भाऊबीजेला ती अर्धा कोस लांब नाल्याच्या बांधावर उभी असे आणि मामा पिशवी घेऊन चालत येत. शेजारणी आईला टोचत, "काय गं, तुझ्या भावाची मोटार खरी हाय का नुसती बोलायची?" आई हसायची, पण आत जाऊन भांडी जोरात आपटायची.

मी कॉलेजात सायन्सला गेलो त्या वर्षी मामांनी परभणीहून नवी बॅटरी आणली आणि आईला निरोप धाडला, "अक्का, औंदा गाडी दारात. दारात बंद करीन आन् दारातच चालू करीन." आईनं अंगणातली कडब्याची गंजी मागं हलवली, जागा सारवून घेतली. मी औरंगाबादहून परस्पर वालूरला गेलो. मामांसोबत गाडीतूनच घरी यायचं ठरलं होतं.

दिवाळीच्या पाडव्याला पोचलो, तर बॅटरी ओसरीवर गोणपाटाखाली तशीच. आठ दिवस झाले होते.

"बसवली नाही अजून?"

"शिकलेला भाचा येनार म्हणल्यावर मिस्त्रीला कशाला हात लावू देऊ?"

मला बरं वाटलं, हे कबूल करतो. गावातली चार माणसंही बघायला जमली. बॅटरीला शिशाची दोन टोकं होती, एक जाड, एक बारीक. गाडीच्या दोन तारांना दोन कडी, त्यांतली एक तार गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेली. मामा म्हणाले, "आधी जाड टोक अंगाला व्हतं बग." मी म्हणालो, "नाही मामा. ऋण टोक अंगाला असतं, आणि ते बारीक." मी ट्रंकेतून पुस्तक काढून आकृती दाखवली. मामांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी त्या चित्रावरून बोट फिरवलं, पुस्तकाला नमस्कार केला आणि कामाला लागले.

पण कडी बसेनात. एक जाड टोकावर जाईना, दुसरं बारीक टोकावर सैल फिरे. मामा थांबले. "भाचेराव, जुळेना गेलंय."

मी चिडून म्हणालो, "घासा मग! कडी जुनी आहेत, वाकली असतील."

मामांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग त्या वाकड्या मनगटानं कानस धरून ते जाड टोक घासत बसले. सैल कड्यात शिशाची पट्टी कोंबली. लोखंडाला जोर न लावणारा माणूस माझ्या शब्दावर दुपारभर जोर लावत होता, आणि मी उभा राहून लवकर, लवकर म्हणत होतो.

गाडी पहिल्याच बटणाला चालू झाली! सपाट जागेवर. मामी धावत जाऊन हळदकुंकू घेऊन आल्या. मामा मोठ्यानं हसले. मी त्यांना तसं हसताना पुन्हा पाहिलं नाही.

भाऊबीजेच्या सकाळी निघालो. वेशीबाहेर मामांनी वेग दिला आणि दोन मिनिटांत बॉनेटमधून धूर आला. तारा लाल झाल्या होत्या. मामांनी उडी मारून बॅटरीचं सैल कडं हातानंच उपटलं. बॅटरी भरणारा डायनॅमो जळाला होता, बॅटरीही कामातून गेली.

बैलगाडी, रेल्वे, पुन्हा बैलगाडी करत आम्ही दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. सारवलेलं अंगण मोकळंच होतं.  मामा सगळ्यांना सांगत राहिले, "बॅटरीच खराब निघाली." कुणीतरी विचारलं, "आन् भाच्याचं शिक्षण?" मामा म्हणाले, "भाच्यानं बसवली म्हणून तर वेशीपस्तोर गेली."

दोन महिन्यांनी प्रयोगशाळेत आमचे सर सहज बोलून गेले की काही विलायती गाड्यांत धन टोक अंगाला जोडलेलं असतं. धन टोक, म्हणजे जाड. माझ्या हातातली तार तशीच राहिली. मामांची आठवण बरोबर होती. कडीही बरोबर होती.

पत्र लिहावं तर वालूरला ते पोस्टमन पारावर वाचून दाखवणार. मग तोंडानंच सांगायचं ठरवलं. दोनदा गेलो. मामांनी गाडी परभणीच्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून आणली होती, पण बॅटरी पुन्हा जुनीच कुठलीतरी, आणि पुन्हा तोच उतार. दोन्ही वेळा त्यांनी चारचौघांत अभिमानानं विचारलं, "काय भाचेराव, कितवी बुकं झाली?" आणि माझी जीभ उचलली नाही.

या उन्हाळ्यात शेवटचा पेपर संपला त्या दिवशी आईचं पत्र मिळालं. शाळेतल्या गुरुजींच्या अक्षरात होतं.

"तुझे मामा महिन्याखाली वारले. परीक्षेत तुला कळवू नका, असं तेच सांगून गेले. गाडी परभणीच्या मिस्त्रीनं घेतली. तो मामीला म्हणाला की तारा उलट्या लागल्या होत्या, हे त्यानं मामांना त्याच दिवाळीनंतर सांगितलं होतं. पण मामांनी त्याला शपथ घातली, पोरगं शिकायलंय, त्याच्या कानावर जाऊ देऊ नको. मिस्त्रीनं तीत नवी बॅटरी टाकली आहे. मी निरोप धाडला म्हणून तो गाडी आपल्या घरावरून घेऊन गेला. दारात बंद केली आणि दारातच चालू केली. मी गाडीलाच ओवाळलं."