नवी – महा.

आमच्या सांगलीच्या डेपोत नव्या गाडीचं नशीब थोरल्या भावाच्या शर्टासारखं असतं. आधी ती लांबच्या, पर्यटकांच्या मार्गावर मिरवते. खिळखिळी झाली की धाकट्याकडे, म्हणजे पूर्वेच्या कोरड्या गावांकडे जाते. कुठली गाडी कुठे जाणार हे फळ्यावर लिहायचं काम माझं. त्यामुळे मी स्वतःला डेपोचा विधाता समजत असे.

परवा नवी गाडी आली, तसे कवठे महांकाळ मार्गावरचे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर माझ्या टेबलापाशी आले.

"आवं सायेब, तीन आठवड्यांनी रिटायर हुतोय. एकदा तरी नवी गाडी कवठ्याला नेऊ द्या की. गावाला वाटतंय मी गाडी चालवत न्हाई, ढकलतोय."

"मामा, नियम म्हणजे नियम. नवी गाडी महाबळेश्वरला," मी विधात्याच्या आवाजात म्हणालो.

मामांनी टोपी झटकली आणि ते गेले.

आता मला अक्षरं वाचवायची खोड. संध्याकाळी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या: 'नवी – महा.' आणि 'जुनी – महा.' पहिला महा थंड हवेचा, दुसरा दुष्काळाचा, हे माझ्या डोक्यात स्वच्छ होतं. डोकं मात्र मी घरी घेऊन गेलो.

सकाळी फळ्यापाशी आधी पोचले ते मामा. नोकरीभर तेच आधी पोचायचे. त्यांनी 'नवी – महा.' वाचलं आणि हात जोडून गाडी काढली. महाबळेश्वरच्या ड्रायव्हरला जी उरली ती मिळाली.

दुपारी मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "महाबळेश्वरच्या प्रवाशांचे फोन येतायत! खिडकीची काच वर राहत नाही, माणसं हातानं धरून घाट चढतायत. नवी गाडी कुठाय?"

मी बाहेर येऊन मामांना फोन लावला. पलीकडे हलगी कडाडत होती.

"सायेब, तुमी वरनं न्हाई म्हणला आन् फळ्यावर गुपचूप लिवलं, व्हय? लय मोठं मन! स्टँडवर नारळ फुटला, सगळं गाव आलंय!"

'गाडी परत आणा' म्हणायला मी तोंड उघडलं होतं. त्यातून बाहेर पडलं, "मामा, सीटवर गुलाल पडू देऊ नका."

"पडला की! मी गुलालातच बसलोय."

संध्याकाळी गुलाबी होऊन आलेल्या गाडीभोवती साहेबांनी एक फेरी मारली.

"ही पाठवू महाबळेश्वरला? लोक म्हणतील, निवडणूक जिंकून आली." मग हसू दाबत माझ्याकडे वळले. "तीन आठवडे कवठ्यालाच पळू दे. आणि उद्या महाबळेश्वरला तुम्ही जायचं. काच धरायला."

गेलो. पसरणीच्या घाटात दोन्ही हातांनी काच धरून उभा असताना शेजारच्या आजींनी विचारलं, "बाळा, तू कंडक्टर का?"

"नाही आजी, मी विधाता."

वर पोचून, बोटं चोळत, फोन बघितला. मामांचा निरोप होता: 'सायेब, उद्या बी नुसतं महा लिवा. पुरं लिवू नका. अक्षर लय झ्याक हाय तुमचं.'