टॉवरमधून दिसणारं घर

उंची मोजायचं काम घेतलं की किस्से आपोआप मागे लागतात. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा तोंडाशी आलेलाच! विमानांवर नजर ठेवणाऱ्या टॉवरसाठी आदिलाबादच्या जुन्या धावपट्टीभोवती आमची सर्व्हे टीम फिरत होती, तेव्हाचे हे.

*

आमच्या इंजिनिअर स्वप्ना मॅडम जवळच्याच निर्मल गावच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मोकळी जागा दाखवली. "टॉवर इथं. वर बसलेल्या माणसाला धावपट्टीची दोन्ही टोकं दिसलीच पाहिजेत. मधे भिंत नको, झाड नको."

शेजारच्या कापसातून एक म्हातारबा आले. "मंग माह्या वावरावरचं आभाळ कोनाचं, बाई?"

"तुमचंच, बाबा. फक्त रिकामं ठेवा!"

म्हातारबांनी मान वर केली अन् आपलं आभाळ या बांधापासून त्या बांधापर्यंत पाहून घेतलं.

*

ड्रायव्हर गंगारामभाऊंना एकदा दुर्बिणीतून पाहू दिलं. ते एकदम ओरडले, "मॅडम, धावपट्टी गेली!"

जवळच्या तारेवर चिमणी येऊन बसली होती.

"एवढीशी चिमणी, अन् अख्खं विमान गायब!" त्या दिवसापासून भाऊ गाडीचा आरसा तासन्‌तास पुसू लागले.

*

टॉवर किती उंच होईल ते पाहायला आम्ही तेवढ्याच लांबीच्या दोरीला लाल फुगा बांधून सोडला. रस्त्यावरून जाणारी तामसी गावची बस थांबली. सगळ्यांची डोकी खिडक्यांबाहेर!

त्यातली एक बाई म्हणाली, "तिथं बसनारा जेवाले कवा उतरंल वो?"

*

आणि नामदेवभाऊ! धावपट्टीच्या टोकाजवळ त्यांचं घर. पोराच्या लग्नासाठी वरचा मजला चढत होता, अन् तो आमच्या नजरेच्या रेषेत आला. बांधकाम थांबवा म्हटल्यावर भाऊ भडकले. "माह्या घामाचं घर हाय! काऊन थांबू?"

मॅडम भांडल्या नाहीत. क्रेनच्या पाळण्यात त्यांना शेजारी उभं केलं अन् टॉवरच्या उंचीवर नेलं. मीही होतो. खाली अख्खं शहर पसरलेलं, दूरवर हिरवी शिवारं. भाऊंनी पाळण्याचा कठडा घट्ट धरला.

"धावपट्टीचं टोक दिसतं का?" मॅडमनी विचारलं.

"आमची सुमन तिथंच उभी हाय. पाहून सांगतो." त्यांनी बायकोला फोन लावला. "हात हलव वो!"

फोनमधून आवाज आला, "कवाची हलवून राह्यली ना! दिसत नाई का?"

भाऊंना दिसत होती ती फक्त आपली नवी भिंत. मग पाळण्यातूनच त्यांनी गवंड्याला फोन केला.

"उद्या सिमेंट नको आनू. भिंत पाडाले घन आन."