मॅग्नेट, महेश्वर आणि झेंडूचे दोन हार

इंदूरला जायचं ठरलं ते भांडण बघायला. खोटं कशाला बोलू? काकूचा फोन आला, "अगं, गाडीवरून बाप-लेक बोलेनासे झालेत. तुला त्यातलं समजतं ना, तर ये आणि एकदाचा फैसला कर बाई!" नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. मी नाशिकला नोकरी करत होते आणि मला गाड्यांचं वेड होतं, अजूनही आहे. बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत राजेंद्र नगरला काकांच्या दारात उतरले, तर समोर ती उभी.

गडद हिरवी, गोल पाठीची, चार दरवाजांची, मॅग्नेट नावाची विलायती गाडी. काका ज्या मिलच्या स्पिनिंग खात्यात होते, तिथल्या जुन्या मॅनेजरसाहेबांची ही गाडी. साहेब गेले तेव्हा ती कोणालाच नको होती, म्हणून काकांनी घेतली. पुढे मिल बंद पडली, भोंगा थांबला, आणि मिलमधलं म्हणून काकांकडे एवढंच उरलं. माझा चुलतभाऊ शिरीष पीथमपूरला कारखान्यात लागलेला, त्याला नवी छोटी पांढरी कार हवी होती. तुकोगंजचे एक डॉक्टर मॅग्नेट घ्यायला तयार होते, बंगल्याच्या पोर्चमध्ये शोभेला.

"मी त्यांना म्हटलं, डॉक्टरसाब, ही स्पोर्ट्स गाडी आहे," काका सांगत होते. "तर हसले गं! म्हणे, जोशीजी, चार दरवाजे, पीछे डिक्की, ये तो फॅमिली सेडान है."

गाडी जाण्यापेक्षा ते हसणं काकांना जास्त लागलं होतं.

शेवटी शर्त ठरली. रविवारी महेश्वरला जायचं. परतताना मानपूरचा घाट न थांबता चढली तर गाडी राहील. थांबली, तर सोमवारी डॉक्टरांकडे.

आता तुम्ही जाल तेव्हा रस्ता रुंद मिळेल, टोलही भरावा लागेल. आम्ही गेलो तेव्हा ट्रकमागे ट्रक. शिवाय काकूच्या नियमाप्रमाणे आधी खजराना गणपती, म्हणजे शहराच्या बरोबर उलट्या टोकाला. नवी असो जुनी असो, लांबच्या प्रवासाआधी गाडी बाप्पाला दाखवायचीच. चाकापुढे नारळ फुटला, आणि काकूने गाडीच्या नाकावर मनगटाएवढ्या जाडीचा झेंडूचा हार बांधला.

"घरी पोचेपर्यंत काढायचा नाही हं कोणी. अपशकुन होतो."

वाटेत राऊ गावाला पोहे-जलेबी खाल्ली. तिथे मी काकांच्या शेजारी पुढे बसले आणि तपासणी सुरू केली. स्पोर्ट्स गाडी म्हणजे बुटकी, दोन दरवाजांची, आवाज करणारी, असं माझंही मत होतं. इथे तर लाकडी डॅशबोर्ड, चामड्याच्या सीटा, सगळा थाट दिवाणखान्याचा. पण इंजिनाला कार्बोरेटर दोन, शर्यतीच्या गाड्यांना असतात तसे! गिअरचा दांडा जमिनीतून आलेला, छोटा आणि चपळ. घाट उतरताना काकांनी वळणं अशी घेतली, की मागे काकू देवाचं नाव घेऊ लागली आणि शिरीषने पेपर मिटला. मला वाटलं, पोरंबाळं झाली तरी ज्याची घाई सुटली नाही, अशा माणसासाठी ही गाडी बनवली असावी.

महेश्वरला नर्मदेच्या घाटावर निवांत बसा, नावेतून एक फेरी नक्की मारा, आणि साडीच्या दुकानात शिरताना पाकीट दुसऱ्याकडे द्या. आम्ही दाल-बाफले चापले. काकूने घाटावर नर्मदामाईचा म्हणून दुसरा हार घेतला. तो पहिल्यावरच चढला, वर लाल चुनरी, आणि फुलं सुकू नयेत म्हणून पाणी.

परतीला घाटाच्या पायथ्याचं गुजरी गाव सोडलं आणि चढ लागला. सुरुवातीला मॅग्नेटने दोन ट्रक मागे टाकले. मग तापमानाचा काटा सरकू लागला. काकांनी गिअर खाली घेतला. अर्ध्या घाटात बॉनेटखालून वाफ आली आणि गाडी कडेला घ्यावी लागली.

"मी म्हणत होतो ना बाबा, अब इसके बस का नहीं," शिरीष म्हणाला, पण हळू आवाजात.

काका उतरले. रुमालाने आरसा पुसला. "कळव डॉक्टरांना. आपला शब्द आहे." त्यांच्याकडे बघवेना. मला रडूच यायला लागलं, म्हणून मी गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले. आणि तेव्हा दिसलं. दोन ओले हार, वर चुनरी, रेडिएटरची जाळी पार बुजलेली. वारा आत जाणार कुठून?

"काकू," मी म्हटलं, "हिचं नाक दाबलंय आपण."

कोणी हाराला हात लावेना. अपशकुनाची भीती काकूएवढीच आम्हालाही होती. काकूने आधी हाराकडे आणि मग काकांकडे बघितलं. नंतर तिने नमस्कार केला, स्वतःच्या हाताने गाठी सोडल्या आणि हार मांडीवर घेऊन मागे जाऊन बसली. "बाप्पाला समजतं सगळं. चला."

इंजिन निवल्यावर पाणी भरलं. उरलेला घाट मॅग्नेट गुणगुणत चढली, काटा जागचा हलला नाही. पण शर्त ती शर्त. माथ्यावर काकांनी गाडी थांबवली तेव्हा तोंडावर हसू होतं आणि डोळे भरलेले.

शिरीष खाली उतरला, काकांच्या बाजूचा दरवाजा उघडून उभा राहिला.

"बाबा, जरा सरका."

"काय झालं?"

"मधे थांबली, चूक आपली होती. नीचे चलते हैं. पायथ्यापासून पुन्हा. मी चालवतो."

आम्ही चौघं खरंच पुन्हा गुजरीला उतरलो. त्या चढाचं वर्णन मी करणार नाही, कारण मी ओरडत होते. शिरीष थांबला नाही, एवढं पुरे.

मी नाशिकला परतले. लाकडी डॅशबोर्डचा वास आठवडाभर ओढणीला होता. चार दरवाजांची गाडी स्पोर्ट्स म्हणावी का, यावर लोक अजून माझ्याशी वाद घालतात, आणि मी घालू देते. निघायच्या आधी, सोमवारी सकाळी, राजेंद्र नगरच्या घरात शिरीषने डॉक्टरांना लावलेला फोन मी शेजारी उभी राहून ऐकला होता.

"नहीं साब, बिकाऊ नहीं है." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. शिरीषने काकांकडे बघितलं.

"सेडान? नहीं साब. स्पोर्ट्स कार है."